उत्तर देणाऱ्याची फ्रेंच

फ्रेंच बोलायला शिकवणारी कुठलीही ध्वनिफीत लावा, तिच्यात तुम्ही पाहुणे असता. पॅरिसच्या स्टेशनवर उतरता, हॉटेलात खोली मागता, कॉफी मागवता, पोस्टाचा रस्ता विचारता. समोरचा उत्तर देतो, तुम्ही आभार मानता आणि धडा संपतो. माझं काम नेमकं उलट आहे. मी वेरूळ-अजिंठ्याला गाइड आहे. इथे पाहुणे फ्रान्सहून येतात आणि विचारायचं ते सगळं तेच विचारतात. पायऱ्या किती आहेत, बूट कुठे काढायचे, हा निळा रंग आणला कुठून, बस किती वाजता सुटणार. उत्तर मला द्यायचं असतं. त्यामुळे ध्वनिफितींवरून फ्रेंच शिकायला बसलो तेव्हा पहिल्या धड्यापासूनच मला पाहुण्याची खुर्ची सोडून समोरच्याच्या खुर्चीत बसावं लागलं.

आमच्या व्यवसायात इंग्रजी सगळ्यांनाच येते. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. त्यात हातात काम राहायचं असेल तर आणखी एक परकी भाषा लागते. कुणी जपानी धरतो, कुणी जर्मन, कुणी स्पॅनिश. मी फ्रेंच धरली, कारण फ्रेंच पाहुण्यांबरोबर लेणी बघायला मला आवडायचं. त्यांच्यात निवृत्त मंडळी पुष्कळ. ती वाचून येतात, काहींनी पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आशियातली शिल्पं पाहिलेली असतात, आणि एका भिंतीपुढे अर्धा तास उभं राहायची त्यांची तयारी असते. फक्त त्यांना जे विचारायचं असतं ते इंग्रजीत नीट विचारता येत नाही. प्रश्न अर्धाच बाहेर पडतो, मग मान हलवून ते पुढे चालू लागतात. तो गिळलेला प्रश्न मला ऐकायचा होता.

शिकायचं तर पुणं-मुंबई गाठायला हवं होतं. अलियाँस फ्राँसेझची केंद्रं तिथे आहेत, वर्ग चांगले चालतात. पण हंगामात शहर सोडणं शक्य नव्हतं आणि बिनहंगामात पैसे नसत. मग एका पाहुण्या बाईंनी परत गेल्यावर कॅसेटींचा संच पोस्टाने पाठवला. असिमिल नावाच्या कंपनीचा. अल्फाँस शेरेल या माणसाने १९२९ मध्ये ती काढली. तिची रीत साधी आहे. रोज थोडा वेळ, छोटे संवाद, आधी बरेच दिवस नुसतं ऐकायचं आणि समजून घ्यायचं, बोलायची घाई करायची नाही. निम्मं पुस्तक झालं की मागे वळून पहिल्या धड्यापासून बोलायला लागायचं. ही थांबण्याची सक्ती मला फार मानवली. ज्याला उत्तर द्यायचंय त्याला आधी प्रश्न कळायला हवा, आणि प्रश्न कळणं हे सगळं कानाचं काम आहे.

पण संवाद होते तेच, प्रवाशाचे. म्हणून मी दोन डेकचा टेपरेकॉर्डर मिळवला आणि नक्कल करताना पॉजचं बटण वापरून संवादातली उत्तरं काढून टाकली. मूळ फितीत प्रवासी विचारायचा आणि हॉटेलवाला सांगायचा. माझ्या फितीत प्रवासी विचारायचा, मग शांतता, मग पुढचा प्रश्न. त्या शांततेत मी बोलायचो. हॉटेलवाला, वेटर, तिकीटखिडकीवरची बाई, रस्त्यावरचा पोलीस, फार्मसीवाला यांची वाक्यं मी पाठ केली. 'डावीकडे वळा', 'पहिल्या मजल्यावर आहे', 'आज बंद आहे, उद्या सकाळी नऊला उघडेल', 'काळजी करू नका, मी सांगतो'. कोर्स लिहिणाऱ्याने ही वाक्यं फोडणीपुरती घातलेली असतात, विद्यार्थ्याने ती नुसती ऐकायची असतात. माझी रोजी त्यांच्यावर चालते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे वाक्य मी आजवर जितक्यांदा फ्रेंचमध्ये बोललो तितक्यांदा दुसरं कुठलंच बोललो नसेन.

शांततेची लांबी ही मोठी गोष्ट आहे. सुरुवातीला मी ती ऐसपैस ठेवली. पुढच्या फितीत कमी केली. समोर उभा असलेला माणूस प्रश्न विचारून दोन-तीन सेकंद तुमच्या तोंडाकडे बघतो, त्यानंतर तो आपणहून इंग्रजीकडे वळतो आणि मग दिवसभर इंग्रजीतच राहतो. तेवढ्या वेळात निदान पहिला शब्द बाहेर पडायला हवा. संपूर्ण वाक्य लागत नाही. 'हो, आहे ना' एवढं आलं तरी तो थांबतो.

पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९६७ मध्ये आठवणीचं एक वेळापत्रक मांडलं होतं. नवा शब्द ऐकल्यावर पाच सेकंदांनी तो पुन्हा विचारायचा, मग पंचवीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी, दिवसाने, असं अंतर वाढवत न्यायचं. विसरण्याच्या अगदी आधी विचारलं की शब्द घट्ट बसतो, हे त्याचं म्हणणं. त्याच्या नावाने चालणारे ध्वनिपाठ याच तत्त्वावर बांधलेले आहेत, अर्ध्या तासाचा एकेक पाठ आणि हातात पुस्तक नाही. मला हे वेळापत्रक रस्त्यावर सापडलं. संभाजीनगरहून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. निघताना एक धडा ऐकायचा. फुलंब्रीला तो तोंडाने म्हणायचा. सिल्लोडला पुन्हा. घाट उतरून फर्दापूरला पोचलो की फीत न लावता. आणि संध्याकाळी परतताना उलट्या क्रमाने. गाडीत पाहुणे नसतील तेव्हाच हे जमायचं, म्हणजे त्यांना आणायला जाताना किंवा सोडून येताना, पण हंगामात असे फेरे पुष्कळ होतात.

आता कानाबद्दल. मराठी माणसाचा लिहिलेल्या अक्षरावर फार विश्वास असतो, आणि तो रास्तही आहे. देवनागरीत अक्षर दिसलं की बहुधा ते उच्चारायचं असतं. फ्रेंच लिपी हा विश्वास पाळत नाही. शेवटची व्यंजनं बहुतेक वेळा लिहायची आणि बोलायची नाहीत. 'सरळ जा' याला फ्रेंच 'तू द्र्वा' म्हणतात आणि 'उजवीकडे' याला 'आ द्र्वात'. दोन्ही शब्द लिहिताना त आहे, पण पहिल्यात तो मुका आहे. दुसऱ्यात त्याच्यापुढे एक ई येतो, तो स्वतः गप्प राहतो आणि त ला बोलकं करतो. जो मुलगा पुस्तकातून शिकला तो दोन्हीकडे त म्हणतो आणि मग सरळ जाणारा गट उजवीकडे जातो. अजिंठ्याला पायऱ्यांच्या माथ्यावर हे प्रत्यक्ष घडताना मी पाहिलंय. कानाने शिकलेल्याचा हा गोंधळ होत नाही, कारण त्याने तो त कधी पाहिलेलाच नसतो.

याहून अवघड जोडी वेळेची. दोन वाजता म्हणजे 'दझऽर', बारा वाजता म्हणजे 'दूझऽर'. फरक फक्त द नंतरच्या स्वराचा. 'दू' मराठी माणसाला येतो. 'द' मधला स्वर मात्र मराठीत नाही. जीभ ए म्हणायला पुढे ठेवायची आणि ओठ ओ म्हणायला गोल करायचे, तेव्हा तो निघतो. आमच्या कामात परतीची वेळ सांगणं हे मोक्याचं वाक्य, त्यात दोन आणि बारा यांची अदलाबदल झाली तर चाळीस माणसं उन्हात उभी राहतात. खुद्द फ्रेंच लोकांचीही या जोडीत गफलत होते, म्हणून ते दुपारच्या बाराला 'मिदी' म्हणतात आणि दोनला चौदा वाजता म्हणून मोकळे होतात. मीही तेच करतो. पण ऐकताना सुटका नाही, कारण पाहुणा काय म्हणेल ते आपल्या हातात नसतं. या एका जोडीसाठी मी स्वतंत्र फीत केली होती. नुसतं दोन वाजता, बारा वाजता, बारा वाजता, दोन वाजता, मागेपुढे कसलंही वाक्य नाही, आणि क्रम आधी ठाऊक नाही. कान रोज थोडा थोडा उघडत गेला. एका आठवड्यापर्यंत दोन्ही आवाज सारखेच वाटतात आणि मग कधीतरी ते एकमेकांपासून असे सुटे होतात की पूर्वी सारखे का वाटायचे हेच कळेनासं होतं. हा आनंद मला व्याकरणाने कधीच दिला नाही.

काही बाबतींत मात्र आपण आधीच पुढे असतो, आणि हे मुलांना सांगायला मला फार आवडतं. फ्रेंच त, द, प, क हे आपलेच त, द, प, क आहेत. त आणि द दातांना जीभ लावून, आणि चारही हवेचा झोत न सोडता म्हटलेले. इंग्रज माणसाला ते शिकायला कष्ट पडतात. आपली मुलं इंग्रजीतून फ्रेंचकडे येतात म्हणून 'टू' म्हणतात. त्यांना एवढंच सांगावं लागतं की इंग्रजी बाजूला ठेव आणि आजीसारखा त म्हण.

या कानाच्या शिक्षणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचाचांनी. ते शहागंजचे, घरात उर्दू. फितीचं पुस्तक त्यांनी हातात धरलेलं नाही, त्यांचे डोळे रस्त्यावर. कान मात्र माझ्याइतकेच फितीवर. फ्रेंच र घशाच्या मागच्या बाजूने येतो, आपल्या र शी त्याचं काही नातं नाही. मी तो कितीतरी दिवस घोटत होतो. चाचांनी एकदा सहज म्हटला आणि तो थेट फितीतल्यासारखा निघाला. "ये तो अपना ग़ैन है, भाऊ," ते म्हणाले. खरंच आहे. ग़रीब, ग़म, बाग़ यांतला तो ग़ आणि पॅरिसचा र हे सख्खे शेजारी आहेत. नाकातले स्वरही चाचांना लगेच आले. 'माँ' आणि 'हाँ' त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. प्रमाण मराठीत नाकातला स्वर जवळजवळ उरला नाही, कोकणीत आणि मालवणीत तो अजून जिवंत आहे. आपल्या शहरात दोन भाषा शेजारी नांदतात याचा इतका प्रत्यक्ष फायदा मला दुसऱ्या कुठल्या कामात झालेला नाही. तेव्हापासून नव्या गाइडला मी सांगतो की फ्रेंच र साठी फितीइतकाच शेजारच्या मोहल्ल्याकडे कान दे.

चाचांचं सगळं भांडवल ऐकीव होतं, म्हणून त्यांचं वाक्य तोंडातून सलग यायचं. फ्रेंचमध्ये शब्द एकेकटे उभे राहत नाहीत. मागच्या शब्दाचं मुकं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं आणि तिथे बोलतं. 'त्यांच्याकडे आहे' हे 'इलझों', 'ते आहेत' हे 'इलसों'. एका झ आणि स वर 'असणं' आणि 'जवळ असणं' यांचा निकाल लागतो. कागदावर वाचलेला माणूस वाक्यात शब्द शोधत बसतो. ऐकून शिकलेल्याला आधी अख्खा तुकडा येतो, त्यातले शब्द वेगळे आहेत हे त्याला सावकाश कळतं. आपण लहानपणी मराठी अशीच शिकलो. 'काय करतो आहेस' असं घरात कुणी म्हणत नाही, 'काय करतोयस' म्हणतात, आणि त्यात किती शब्द आहेत हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला पडत नाही.

बोलली जाणारी फ्रेंच नवशिक्याला शिकवायची तर ती मुळात कोणती, याचा शोध फ्रान्समध्ये रीतसर घेतला गेला आहे, आणि तो ध्वनिमुद्रणाच्या बळावर घेतला गेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज गुगनेम यांच्या नेतृत्वाखाली काही भाषाशास्त्रज्ञांनी टेपरेकॉर्डर घेऊन साध्या माणसांची बोलणी नोंदवली. २७५ माणसं, १६३ ध्वनिमुद्रणं, ३ लाख १२ हजारांवर शब्द. त्यांतून वारंवार येणारे शब्द आणि रचना निवडून नवशिक्यांसाठी पायाभूत फ्रेंच ठरवली गेली. पुढे साँ-क्लूच्या केंद्राने चित्रपट्ट्या आणि ध्वनिफिती जोडून जो अभ्यासक्रम केला त्याचा पाया हाच होता. या कामातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्यांना जे सापडलं नाही ती. काटा-चमच्यातला काटा हा शब्द प्रत्येक फ्रेंच माणसाला येतो, रोज हातात असतो, पण इतक्या ध्वनिमुद्रणात तो जवळजवळ ऐकूच आला नाही. माणसं हातातल्या वस्तूचं नाव सारखं घेत नाहीत. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांना एकेक विषय देऊन, त्यावरून सुचतील ते शब्द लिहायला सांगितले आणि असे 'हाताशी असलेले' शब्द यादीत वेगळे घातले.

हे वाचलं तेव्हा माझ्या फितींत काय नाही हे मला एकदम दिसलं. पायरी नव्हती. छिन्नी नव्हती. खांब, छत, खडक, गिलावा यातलं काहीच नव्हतं. नवशिक्याच्या फ्रेंचमध्ये ते असायचं कारण नाही. पण अजिंठ्याला नवशिक्या गाइडचे पहिले शब्द हेच आहेत. पॅरिसमधलं पोस्ट कुठे आहे हे मला कुणी आजवर विचारलेलं नाही.

मग मी स्वतःची फीत करायला लागलो. पद्धत सोपी होती. दिवस संपत आला, ओळख झाली, फर्दापूरला चहा प्यायला बसलो की गटातल्या एखाद्या हौशी माणसाला विचारायचं की आज तुमच्या मनात आलेले प्रश्न इथे बोलाल का. मी फ्रेंच शिकतोय, एवढं सांगितलं की बहुतेकजण आनंदाने तयार व्हायचे. परवानगी घेतल्याशिवाय कुणाचा आवाज कधी घेतला नाही, आणि नावही बोलू द्यायचो नाही. आधी छोटा कॅसेट रेकॉर्डर, नंतर फोन. एकच अट घालायचो की वाचून दाखवायचं नाही आणि माझ्यासाठी हळू बोलायचं नाही. शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला विचारता तसं विचारा.

या संग्रहाने माझी फ्रेंच घडवली. फितीवरच्या कलाकाराने जे वाक्य पाच शब्दांत स्वच्छ म्हटलं असतं ते ही माणसं निम्म्या आवाजात उरकतात. 'आहे' साठी पुस्तकात 'ईल्या' असतं, तोंडात नुसतं 'या' उरतं. 'मला माहीत नाही' हे चार शब्दांचं वाक्य 'शेपा' होऊन बाहेर पडतं. प्रश्न विचारताना पुस्तकात क्रियापद उलटून पुढे येतं, चहाच्या टेबलावर क्रम तसाच राहतो आणि फक्त सूर वर चढतो. 'या कोंब्यँ द मार्श?' पायऱ्या किती? एवढंच. हळू बोलून दिलेल्या ध्वनिफितीत हे काही शिल्लक राहत नाही. वेग कमी केला की शब्दांमधले सांधे सुटतात, गळलेले स्वर परत येतात आणि आपण अशी भाषा शिकतो जी कुणीच बोलत नाही. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की नवशिक्यालाही पहिल्या दिवसापासून चालत्या वेगाचं बोलणं ऐकवावं. वाक्य छोटं घ्या, पण वेग तोच ठेवा. लांबी कमी करता येते, चाल बदलू नये. फ्रान्सचं आंतरराष्ट्रीय रेडिओ केंद्र २००१ पासून रोज दहा मिनिटांच्या बातम्या सोप्या फ्रेंचमध्ये देतं. त्यांनी हे चांगलं ओळखलंय. शब्द सोपे करतात, पार्श्वभूमी समजावून सांगतात, पण निवेदक बोलतात ते नेहमीच्या माणसासारखं. अगदी नवख्याला ते झेपत नाही, वर्षभराने मात्र अंघोळीइतकं सवयीचं होतं.

प्रश्न साठत गेले तसं मला पाहुण्यांचं लेण्यांकडे बघणंही कळत गेलं. इंग्रजीत ते विचारायचे, हे लेणं कितव्या शतकातलं. फ्रेंचमध्ये विचारायला लागले, काम करणारे खायचे काय. चुकून छिन्नी जास्त लागली तर काय करायचे. एवढ्या अंधारात बायकांचे डोळे कसे रंगवले. एका वृद्ध गृहस्थांनी चित्रांना 'फ्रेस्क' म्हटलं आणि त्यांच्या पत्नीने त्यांना थांबवून मला विचारलं, 'से पँ स्यूर क्वा?' कशावर रंगवलंय हे? तो प्रश्न मी फितीवर घेतला, कारण त्याचं उत्तर हा माझ्या बोलण्याचा कणा आहे. ओल्या चुन्यावर रंगवलेलं भित्तिचित्र वेगळं. इथे मातीत भुसा, गवत कालवून गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. निळा रंग अफगाणिस्तानकडून आलेल्या लाजवर्दाचा. हे सगळं मी त्या प्रश्नाच्या मागे शांतता सोडून, त्या शांततेत इतक्या वेळा बोललो की आता लेणे क्रमांक १ मध्ये पद्मपाणीपुढे उभा राहिलो की शब्द शोधावे लागत नाहीत.

आकड्यांची फीत वेगळी करावी लागली. गाइडच्या बोलण्यात सनावळ्या फार. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. सांगताना आपण तयारी करून जातो. ऐकणं अवघड. पाहुणा फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतो. 'कात्र' ऐकू आलं की हात चार लिहायला धावतो, पण पुढे वीस येतं, मग दहा, मग सात, आणि ती जोडी सत्त्याण्णव निघते. पेन उचलून धरायचं आणि जोडी पूर्ण होईपर्यंत टेकवायचं नाही, ही सवय फक्त ऐकून होते. आपल्याकडे एकोणसत्तर, एकोणऐंशी मोजणारी माणसं आहेत, तेव्हा आपल्याला हे परकं वाटू नये. बेल्जियमचे पाहुणे आले की काम सोपं होतं, ते सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात. मी वर्षांची फीत केली ती अशी. एका पाहुण्या शिक्षिकेकडून आमच्याच सनावळ्या म्हणवून घेतल्या. १८१९, जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोचला ते साल. १९८३, दोन्ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली ते साल. मग क्रम मोडून पुन्हा पुन्हा.

बेल्जियन, स्विस, मार्सेयचे, केबेकचे असे आवाज गोळा झाले तेव्हा कळलं की एकाच आवाजावर शिकणं किती अपुरं आहे. दक्षिण फ्रान्सचा माणूस शब्दाच्या शेवटचा गळलेला स्वर म्हणतो, नाकातल्या स्वरापुढे हलका ङ जोडतो. केबेकचा माणूस 'त्यू' ला 'त्स्यू' म्हणतो. स्टुडिओतले आवाज बहुतेक तरुण आणि पॅरिसचे. माझे पाहुणे सत्तरीचे, दम लागलेले, घोट घोट पाणी पीत बोलणारे. आणि बोलायची जागा म्हणजे चैत्यगृह, जिथे प्रत्येक शब्द छतावर जाऊन परत येतो. हेडफोन लावून शांत खोलीत मिळवलेला कान तिथे गोंधळतो. म्हणून थोडं जमायला लागलं की हेडफोन काढावेत असं मी सांगतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून, पंख्याखाली, लोकांच्या गजबजाटात ऐकावं. फीत शेवटी खऱ्या माणसासाठी असते, आणि खरा माणूस कधीच शांत खोलीत भेटत नाही.

आता आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये हवं ते आहे. दहा सेकंद मागे जायचं बटण आहे, त्याच्यासाठी मी काय नसतं दिलं. मी त्यांना माझे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, एका वेळी एक, आणि उत्तर आवाजातच मागतो. लिहून पाठवलेलं चालत नाही. फ्रेंच वाक्याखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवायलाही पहिले काही महिने मनाई. या लेखात मी ते केलं आहे, छापील पानावर दुसरा इलाज नाही. पण शिकणाऱ्याने ते केलं की डोळा पुन्हा कानाच्या पुढे बसतो आणि 'दझऽर' मधला तो परका स्वर आपल्या अ मध्ये कायमचा विरघळतो. एक मुलगा वेरूळच्या पायथ्याशी वाढलेला, दहावी झालेला, इंग्रजीला बिचकणारा. त्याने वर्ष-दीड वर्ष नुसती उत्तरं दिली. गेल्या हंगामात कैलास लेण्यात त्याने वरून खाली कोरत आणलेल्या खडकाचं वर्णन केलं तेव्हा मी गटाच्या मागे उभा होतो. गटातल्या एका बाईंनी त्याला मधेच अडवून चालत्या वेगात काहीतरी विचारलं आणि त्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं. प्रश्न माझ्या संग्रहात नव्हता.

संग्रहात लहान मुलांचे आवाज अजून एकही नाहीत. पूर्वी लागतच नसत. आता नाताळात आणि फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत कुटुंबं यायला लागली आहेत, आणि मुलांची फ्रेंच मोठ्यांपेक्षा वेगवान, वाक्यं अर्धवट, आणि प्रश्न असे की ज्यांची तयारी कुठल्याच गाइडने केलेली नसते. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात सात मीटर लांबीचा निजलेला बुद्ध पाहून एका मुलीने आईला जे विचारलं ते मला दोनदा म्हणून घ्यावं लागलं. यंदा पाऊस उघडला की आईवडिलांना विचारून तेच आवाज आधी घ्यायचे ठरवलं आहे. चाचांनी गाडीत मुलांसाठी श्रीखंडाच्या गोळ्या ठेवायला सुरुवातही केली आहे.